दारूच्या टोपणांचं कापड



आज एका कापडाची गोष्ट सांगते, जे मुळात कापड नाहीच. लांबून बघावं तर भिंतीवर भरजरी शालू टांगलाय असं वाटतं. सोनेरी, लाल, चुण्या पडलेला. जवळ गेलं की कळतं, अगं, ही तर दारूच्या बाटल्यांची टोपणं!

हे काम एल अनात्सुई यांचं. त्यांचा जन्म १९४४ साली आफ्रिकेतल्या आजच्या घाना देशात झाला. त्यांच्या घरी केंटे नावाचं कापड विणत. त्याचे अरुंद पट्टे विणायचे आणि मग जोडून शिवायचे, आपण गोधडीला तुकडे जोडतो तसे. पुढे १९७५ पासून ते नायजेरियात न्सुक्काच्या विद्यापीठात शिल्पकला शिकवू लागले. तिथेच १९९८च्या सुमारास त्यांना टोपणांनी भरलेली, कुणीतरी टाकून दिलेली पिशवी सापडली.

ही टोपणं ठोकून चपटी करायची, दुमडायची, भोकं पाडून तांब्याच्या तारेनं जोडायची. एका शिल्पाला हजारो टोपणं लागतात. गावातले कितीतरी हात त्यासाठी राबतात. पत्रा असून ते कापडासारखं लोंबतं, घडी घालून नेता येतं.

पण टोपणंच का? यामागे जुना इतिहास आहे. युरोपातले व्यापारी दारूची पिंपं घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर यायचे. दारू, कापड, बंदुका द्यायचे आणि बदल्यात सोनं न्यायचे, माणसंही न्यायचे. त्या माणसांना समुद्रापार अमेरिकेकडच्या बेटांवर गुलाम करून उसाच्या मळ्यात जुंपलं. त्याच उसाच्या मळीपासून रम व्हायची आणि ती पुन्हा आफ्रिकेत यायची, आणखी माणसं विकत घ्यायला.

म्हणून पत्र्यानं कापडाचं सोंग घेतलं ही नुसती गंमत नाही. ज्या दारूच्या मोबदल्यात माणसं विकली गेली, तिच्याच टोपणांतून त्यांनी आजोबा-पणजोबांचं कापड उभं केलं. २०१५ साली इटलीतल्या व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांना जन्मभराच्या कामासाठी सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला.

मैत्रिणींनो, ऊस आणि दारू आपल्याला काही परकी नाहीत. आपल्यात ऊसतोडीला जाणाऱ्या आहेत, दारूबंदीच्या मतदानात बाटली आडवी करणाऱ्याही आहेत. गटाच्या पुढच्या बैठकीत जरा बोलूया: बाटली गावात येते तेव्हा तिच्या बदल्यात गावातून काय जातं?