कंडम

"फोन कंडम झालाय, नवीन घ्यायला हवा," असं आज कॉलेजात जाणारं पोरही म्हणतं. शब्द इतका घरचा झाला आहे की तो परका वाटतच नाही. पलटण, रंगरूट, दलेल हे शब्द ज्या दारातून मराठीत शिरले, त्याच दारातून हाही आला. इंग्रजी 'कंडेम्ड'चं शेपूट गळालं आणि 'कंडम' उरलं. फरक इतकाच, की पलटण आणि रंगरूट आता कादंबरीत भेटतात आणि कंडम मात्र भंगारवाल्याच्या हातगाडीपासून सरकारी फायलीपर्यंत सगळीकडे ताजा आहे.

आपण कंडम म्हणजे निकामी असं समजतो. मुळात तो वस्तूच्या तब्येतीचा शब्द नाही, निकालाचा आहे. सैन्यात गाडी जुनी झाली की अधिकाऱ्यांचं मंडळ तिची तपासणी करतं आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या उरलेल्या किमतीला परवडतो का, ते पाहतं. परवडत नसेल तर कागदावर शेरा पडतो आणि गाडी लिलावाच्या रांगेत जाऊन उभी राहते. हिशेब चोख, पण तो सैन्याचा. रात्री दोन वाजता हुकूम आला तरी गाडी पहिल्या झटक्याला सुरू होऊन शेकडो मैल गेली पाहिजे, ही त्यांची अट. कोकणातल्या आंबा बागायतदाराची अट वेगळी. त्याला दिवसातून चार खेपा मारायच्या असतात, त्याही बैलाच्या चालीने. सुरू नाही झाली तर उतारावर ढकलायला दोन गडी असतात. दोघांच्या हिशेबात जे अंतर आहे, त्यात या गाड्यांचा दुसरा जन्म झाला.

या देशातली सगळ्यात मोठी कंडम यादी १९४५ नंतर लागली. महायुद्ध संपलं. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आणलेला अमेरिकी आणि ब्रिटिश माल इथेच पडून राहिला. ट्रक, जीप, तंबू, डांबराची पिंपं, विमानंसुद्धा. 'डिस्पोजलचा माल' हा शब्दप्रयोग तेव्हाचा. जुन्या बाजारात कितीतरी वर्षं चांगल्या लोखंडाची खूण म्हणून तो चालला.

विमानांची गोष्ट विषयाच्या थोडी बाहेरची, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कानपूरला अमेरिकी बनावटीच्या लिबरेटर बॉम्बफेकी विमानांचा ढीग होता. जाताना ती कुणाला वापरता येऊ नयेत अशा बेताने इंग्रजांनी मोडून ठेवली होती. १९४८ साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती जुळवली, उडवत बंगळूरला नेली, आणि अशी चाळीसहून अधिक विमानं हवाई दलात दाखल झाली. शेवटची निवृत्त झाली १९६८ मध्ये. कंडम शेऱ्यानंतर वीसहून अधिक वर्षं.

शेतीच्या वाट्याला आले ते ट्रॅक्टर. अमेरिकी सैन्याने मागे टाकलेले साखळीचे ट्रॅक्टर दुरुस्त करून दिल्लीच्या सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. विमानतळासाठी जमीन सपाट करणारी ती यंत्रं मध्य भारतातल्या काळ्या रानात उतरली. तिथे काँस नावाचं गवत खोल मुळ्या रोवून बसलं होतं. बैलाच्या नांगराला ते दाद देत नसे, म्हणून गावंच्या गावं पडीक होती. कामाचा आवाका वाढला तशी १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज काढून नवे ट्रॅक्टर आणले गेले. स्वतंत्र भारताला शेतीसाठी त्या बँकेने दिलेलं हे पहिलं कर्ज. सुरुवात मात्र सैन्याच्या उष्ट्यावर झाली होती.

रत्नागिरीत असं काही घडणं शक्यच नव्हतं. ट्रॅक्टरला वळायला जागा लागते. इथे भाताचे कुणगे घराच्या अंगणाएवढे, एकाखाली एक उतरत गेलेले. त्यांच्या वर वरकस, म्हणजे हलकी जमीन, वरकसाच्या वर कातळाचा सडा. वाडीतून सड्यावर जायला पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या. मधे पऱ्या, म्हणजे ओढा, पलीकडे दगडी गडगा. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळून तीच वाट लाल लोण्यासारखी होते. अशा मुलखात नांगरणाऱ्या यंत्रापेक्षा चढणारं यंत्र हवं होतं, आणि ते युद्धाने तयार करून ठेवलं होतं.

जीपच्या जमिनीवर तीन काठ्या असतात. एक नेहमीची गिअरची. दुसरी पुढची चाकं जोडणारी. तिसरी सगळा वेग जवळजवळ निम्म्यावर आणून ओढ दुप्पट करणारी. साठ घोड्यांचं छोटं इंजिन, पण ही तिसरी काठी ओढली की गाडी माणसाच्या चालीने भिंतीसारख्या चढावर जाते. विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी युद्धकाळात अशा सहा लाखांवर जीप बनवल्या. विलीसवाल्यांना पुढचं दिसत होतं. युद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, त्यांनी शेतकऱ्यासाठी नमुन्याच्या जीप बनवायला घेतल्या. मागे औत ओढायला दांडा, इंजिनावर मळणीयंत्र किंवा पंप चालवायला पीटीओ. १९४५ मध्ये ती बाजारात आली. शत्रू बदलला, बाकी यंत्र जवळपास तेच राहिलं.

वेल्सच्या किनाऱ्यावरच्या अँगलसी बेटावर मॉरिस विल्क्स नावाच्या गृहस्थांची शेती होती. ते रोव्हर मोटार कंपनीचे मुख्य अभियंता, आणि शेतावर वापरायला मात्र सैन्याची जुनी विलीस जीप. ती मोडीला आली तर दुसरी घ्यायची कुठून, या चिंतेतून त्यांनी १९४७ साली समुद्राच्या वाळूत काठीने नव्या गाडीचं चित्र काढलं, अशी त्यांच्या घरची हकिकत आहे. पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर बांधला. पोलाद रेशनवर, म्हणून अंग अ‍ॅल्युमिनियमचं. रंगही विमानांसाठी आणलेला उरलासुरला हिरवा. १९४८ मध्ये लँड रोव्हर लोकांपुढे आली ती शेतीची गाडी म्हणून. आज तिची किंमत ऐकून शेतकऱ्याला घाम फुटेल, आणि २००८ पासून ती टाटांची आहे.

आपल्याकडे महिंद्र बंधूंची कंपनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी सुरू झाली, मूळ नाव महिंद्र अँड मोहम्मद. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे मुंबईत सुट्या भागांतून जीपची जुळणी सुरू झाली. १९५२ ची सामूहिक विकास योजना आली तशी गटविकास अधिकारी म्हणजे जीप असं समीकरणच झालं. खेड्यातल्या पोरांनी पाहिलेली पहिली मोटार बहुधा तीच, मागून धुरळा खात पळत पाहिलेली.

कंडम शब्दाची एक बदनाम आठवणही याच काळातली. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनहून जुन्या, डागडुजी केलेल्या जीप मागवल्या गेल्या. सौदा केला उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी. उतरल्या १५५, आणि त्याही सैन्याला वापरण्याजोग्या निघाल्या नाहीत. संसदेत गदारोळ झाला. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. पण हेच मेनन पुढे संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात, १९५९ साली, जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यातून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर पहिला देशी लष्करी ट्रक बाहेर पडला, शक्तिमान. (नंतरच्या पिढीला हे नाव टीव्हीवरच्या गरगर फिरणाऱ्या हिरोचं वाटतं, त्याला इलाज नाही.) त्यानंतर निसानच्या परवान्यावर आली जोंगा. नाव जपानी वाटतं, पण ती 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली'ची आद्याक्षरं आहेत. १९९९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. सैन्यातली गाडी कधी ना कधी लिलावात येतेच, त्यामुळे डिस्पोजलच्या बाजारात विलीसच्या जागी हळूहळू शक्तिमान आणि जोंगा दिसू लागल्या. महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाच्या तोंडी खडकी आणि देहूरोड या पुण्याजवळच्या छावण्यांची नावं त्यामुळेच.

कोकणाला या गाड्यांची खरी गरज पडली ती मात्र हापूसमुळे. १९९० साली रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली आणि ज्या सड्यावर गवताखेरीज काही उगवत नव्हतं तिथे कलमं चढली. कातळावर कलम लावायचं म्हणजे सुरुंगाने खड्डा फोडायचा आणि माती बाहेरून आणून भरायची. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणीही वर न्यायचं. मग शेणखत, फवारणीचा पंप, औषधाचं पिंप. शेवटी मार्च ते मे आंबा खाली आणायचा, आणि तोही असा की पेटीत फळ फळावर आपटता कामा नये. डोक्यावरून किती आणणार? बैलगाडी पाखाडी चढत नाही, टेम्पो कातळावर टायर फाडून घेतो. तिसरी काठी असलेली गाडी जाते.

रत्नागिरी जिल्ह्याला सैन्याची ओळखही जुनी. घराघरात कुणीतरी पलटणीत, कुणीतरी मुंबईला. दापोली हे मुळातच सैन्याचं ठाणं, अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले होते. त्याच दापोलीत १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ आलं आणि आंबा देठासकट काढणारा 'नूतन झेला' तिथे तयार झाला. छावणीच्या गावाचं शेतीचं गाव झालं, मग गाडीनेच काय घोडं मारलंय? निवृत्त होऊन गावी आलेल्या फौजी ड्रायव्हरला तर जोंगा जुन्या सोबत्यासारखी. तिचा कुठला आवाज खरा आणि कुठला खोटा, हे त्याला झोपेतही कळतं.

लिलावातून आणली की लगेच कामाला लागली असं मात्र होत नाही. सैन्याच्या गाडीच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण असतो, त्याच्यापुढे खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे. तो बाण पुसून आरटीओकडे नव्याने नोंदणी. रंगही बदलायचा, कारण १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे लष्करी हिरवा रंग सैन्याखेरीज कुणाला लावता येत नाही. त्यामुळे फौजेतली गाडी बागेत येताना पांढरी, निळी, नाहीतर घराला लावून उरलेल्या रंगाची होऊन येते. जोंगाचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन हा मोठा खर्च. ते उतरवून डिझेल इंजिन बसवणं हा ठरलेला इलाज. सांगाडा, धुरे आणि पाटे तेवढे ठेवायचे, कारण पैसे दिलेले असतात ते त्यांचेच.

एका बागेत मी भाबडेपणाने विचारलं होतं, कंडम गाडी कशाला घेतली? मालक म्हणाले, "भाऊ, कंडम हाय म्हनून तर घेतली. नवी आसती तर या कातळावर घालायचं धाडस झालं आसतं काय?" सैन्याच्या मंडळाच्या हिशेबात हा रकाना नसतो.

आता ही वाट अरुंद होत चालली आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही, त्या परवानाधारक मोडकेंद्रात जातात. सैन्याच्या खास कामाच्या गाड्यांना सूट आहे. पण गटविकासची, बांधकाम खात्याची, शेतकी खात्याची जुनी जीप पूर्वी लिलावात मिळायची, ती आता कापली जाते. सुटे भागही तिच्यासोबत जातात. त्या बागेत फणसाखाली दुसरी एक जीप उभी असते, चाकं काढून जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकवलेली. दरवर्षी मोहोर यायच्या आधी तिचं काहीतरी काढून पहिलीला लावतात. गेल्या वेळी गेलो तेव्हा पुढचा धुरा गेलेला होता, तिसरी काठी अजून जागेवर होती.