मधुमतीची होडी

गेल्या डिसेंबरात मी सायकलवरून कोकण किनाऱ्याने सात दिवस फिरलो. मुंबई ते रत्नागिरी. एका सायकल गटाने आखलेली ती सहल होती. आम्ही बावीस जण, मागून सामान वाहणारा टेम्पो, पंक्चर काढायला सोबत एक मेकॅनिक आणि प्रत्येकाच्या हातात छापील वेळापत्रक. वयाने माझा दुसरा नंबर, त्यामुळे सगळे मला काका म्हणत. गटात मुसलमान मी एकटाच होतो. एरवी ही गोष्ट सांगायची गरज पडली नसती, पण या लेखाचा विषयच त्यातून निघाला.

वेळापत्रकात थांबण्याची ठिकाणे तीन प्रकारची होती: किल्ला, देऊळ आणि समुद्रकिनारा. तिन्ही मला आवडतात, तक्रार नाही. पण रोजच्या चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये आम्ही ज्या गावांतून गेलो, त्यांतली कितीतरी मुसलमानांची किंवा मिळून राहणाऱ्यांची होती. माडांच्या आडून दिसणारा मिनार, आखातातल्या कमाईवर बांधलेली आणि वर्षातून महिनाभर उघडणारी घरे, ओट्यावर मासळी निवडणाऱ्या बाया. "सलाम वालेकुम" म्हटले की त्या आधी माझ्या हेल्मेटकडे बघत आणि मग हसून उत्तर देत. वेळापत्रकात ही गावे नव्हती. त्यांतून आम्ही नुसते पुढे जात होतो.

मी सोलापूरकडचा. आमच्या घरात दखनी बोलतात. आमच्या शाळेत, आणि खरे तर घरातही, मुसलमानांचा इतिहास म्हणजे घोड्यावरचा इतिहास: बहामनी, आदिलशाही, निजामशाही, मोगल. कोणी कोणाला हरवले, कोणता किल्ला कधी पडला. आपण त्यातले कोण, हा प्रश्न विचारायचा नसतो. दुसरे कोणी विचारले तर मान खाली घालायची किंवा चिडायचे, एवढेच आपल्याला ठाऊक.

पहिल्या संध्याकाळी आम्ही रेवदंड्याला मुक्काम केला. शेजारीच चौल. आमच्या म्होरक्याने, चांगला अभ्यासू आणि मनमिळाऊ माणूस, जेवणानंतर चौलची माहिती सांगितली. प्राचीन बंदर, शिलाहारांचे राज्य, मग "मुसलमानी आक्रमणे" आणि मग पोर्तुगीज. दोन वाक्यांत पाचशे वर्षे संपली. मी काही बोललो नाही. पहिलाच दिवस, सगळे दमलेले, आणि एकट्याने हात वर केला की तो आक्षेप होतो, माहिती राहत नाही.

पण झोप लागेना. कारण चौलविषयी मला एक गोष्ट माहीत होती. बगदादचा प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास याच बंदरात आला होता. अरब या बंदराला सैमूर म्हणत. तेव्हा इथे शिलाहार राजा झंझ राज्य करत होता आणि त्याच्यावर मान्यखेटचे राष्ट्रकूट. मसूदी लिहितो की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, इथेच लग्ने करून स्थायिक झालेले. आणि काही इथेच जन्मलेले, ज्यांना बायासिरा म्हणत. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाला हुनरमन म्हणत. मसूदीच्या वेळी ते पद मारूफ बिन झकरिया नावाच्या माणसाकडे होते.

म्हणजे उत्तरेतून पहिली फौज दख्खनमध्ये उतरण्याच्या जवळजवळ चारशे वर्षे आधी या किनाऱ्यावर मशिदी होत्या, बाजार होते, निकाह होत होते, आणि हिंदू राजाने नेमलेला मुसलमान न्याय करत होता. "आक्रमणे" हा शब्द त्यानंतरच्या पुष्कळ घटनांना लागू पडतो. सुरुवातीला पडत नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्लई, काशीद करत मुरूड. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. होडीत पुण्याचा एक तरुण इंजिनियर माझ्या शेजारी बसला होता. त्याने अगदी सरळ मनाने विचारले, "काका, हा तुमच्या लोकांचा किल्ला ना?"

काय उत्तर द्यायचे? जंजिऱ्याचे सिद्दी हे आफ्रिकेतून, बहुतेक हबशाणातून, गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. पराक्रमाने ते सरदार झाले, आरमाराचे मालक झाले आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत इथले नवाब राहिले. माझे पूर्वज बहुधा भीमेच्या काठी ज्वारी पेरत असतील. जंजिरा हे नाव मात्र अरबी जझीरा, म्हणजे बेट, यावरूनच आले. आणि त्याच किल्ल्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला, तेव्हा महाराजांच्या आरमाराच्या प्रमुखांत दौलतखान होता, दर्यासारंग होता. मी त्याला एवढेच म्हणालो, "इकडून लढणारेही आमचे आणि तिकडून लढणारेही. तू सांग, मी कुठल्या होडीत बसू?" तो हसला. मग थोडा वेळ गप्प बसला. मला वाटते, त्याला उत्तर टोचले. मलाही तो प्रश्न टोचलाच होता.

सिद्दींचा इतिहास गोड नाही, हेही सांगितले पाहिजे. किल्ला कोळ्यांच्या प्रमुखाकडून कपटाने घेतला, अशी कथा तिथले नावाडीच सांगतात. सिद्दींनी किनाऱ्यावरच्या गावांना त्रास दिला, लुटले, माणसे पकडून नेली. आपला म्हणून कोणाला धुऊन काढायचे आणि परका म्हणून कोणाला काळे करायचे, यात इतिहास होत नाही. वकिली होते.

तिसऱ्या सकाळी आगरदांड्याहून दिघीला जायचे होते. कोकणात सायकल चालवणाऱ्याला लवकरच कळते की इथे रस्त्याचा मालक खाडी आहे. सात दिवसांत आम्ही पाच वेळा पाणी ओलांडले: भाऊच्या धक्क्याहून मांडवा, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. प्रत्येक जेट्टीवर थांबायचे. मोटारवाले कंटाळतात. सायकलवाले पाय मोकळे करतात, चहा पितात आणि गप्पा मारतात. दिघीच्या फेरीबोटीची वाट बघताना म्होरक्या म्हणाला, "काका, तुम्ही इतिहासावर लिहिता म्हणे. सांगा काहीतरी."

मग मी मधुमतीची गोष्ट सांगितली.

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणी नावाचे गाव आहे. तिथे राष्ट्रकूटांच्या काळातले ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. राजा तिसरा इंद्र. संजाणच्या आसपासच्या प्रदेशाचा कारभार त्याच्या वतीने जो माणूस पाहत होता, त्याचे नाव संस्कृत ताम्रपटात मधुमती असे कोरले आहे. जात ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. त्याला सुगतिप असेही म्हटले आहे. हा मुहम्मद राजाच्या संमतीने एका देवीच्या मठाला गाव दान देतो. त्याने संजाणला केलेली कामेही ताम्रपटात नोंदली आहेत: अन्नछत्र काढले, जिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे, आणि तिथल्या प्रवाहांवर लोकांना फुकट पलीकडे नेणारी होडी ठेवली.

"फुकट फेरीबोट?" कोणीतरी विचारले. आमच्या सायकलींचीही तिकिटे नुकतीच काढून झाली होती. सगळे हसले. बोट लागली आणि आम्ही सायकली उचलून चढलो. तो तरुण इंजिनियर कठड्याजवळ माझ्या बाजूला उभा राहून "मधुमती, मधुमती" असे दोनदा पुटपुटला.

चौथ्या दिवशी हरिहरेश्वर करून बागमांडल्याची खाडी ओलांडली आणि केळशीला याकूब बाबांच्या दर्ग्यावर थांबलो. ते ठिकाण वेळापत्रकात नव्हते. म्होरक्याने आपणहून दहा मिनिटे दिली. शिवाजी महाराजांना या बाबांविषयी आदर होता, दर्ग्याला त्यांनी मदत केली, असे परंपरा सांगते. आमच्यातल्या एका आजींनी सायकलचे हातमोजे काढून चौकटीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. त्यात त्यांना काही विशेष वाटले नाही. मला तेच विशेष वाटले.

पाचवा दिवस शुक्रवार. सकाळी हर्णैहून निघालो. चढ-उतारांनी सगळ्यांचे गुडघे बोलू लागले होते. दाभोळला पोचेपर्यंत साडेबारा झाले. समोर फेरीबोट उभी होती. म्होरक्या म्हणाला, "काका, ही चुकली तर गुहागरला अंधार होईल." मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे, मी जुम्मा पढून येतो." तो अडखळला. एकट्याला मागे सोडायचे नाही, हा गटाचा नियम. तेव्हा तो इंजिनियर म्हणाला, "मी थांबतो काकांबरोबर." बाकीचे बोटीत चढले.

गावातल्या मशिदीत मी वजू करून मागच्या ओळीत बसलो. खुतबा झाला, जमात उभी राहिली. इमामांची फातिहा संपताच सगळी मशीद मोठ्याने "आमीन" म्हणाली. आमच्याकडे हनफी पद्धतीत आमीन मनातल्या मनात म्हणतात, म्हणून मी क्षणभर दचकलो. मग रुकूला जाताना आणि उठताना सर्वांचे हात वर गेले. तेव्हा लक्षात आले, कोकणी मुसलमान शाफई आहेत.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण त्याचा अर्थ त्या ओळीत उभे राहिल्यावर कळला. दिल्लीहून, मध्य आशियाच्या वाटेने जो इस्लाम आला तो मुख्यत्वे हनफी. समुद्रमार्गे, येमेन आणि अरबी किनाऱ्याहून आला तो शाफई. म्हणून कोकण, भटकळ, मलबार आणि पार इंडोनेशियापर्यंत शाफई पद्धत सापडते. माहीमचे मखदूम अली (१३७२-१४३१), अरबीत कुराणाचे भाष्य लिहिणारे, तेही याच परंपरेतले. ताम्रपट वितळवता येतो, गावाचे नाव बदलता येते. पण हजार वर्षांपूर्वी खलाशांनी आणलेली हात उचलण्याची रीत दाभोळमध्ये दर जुम्म्याला जिवंत होते. हा पुरावा कोणी जपून ठेवलेला नाही. लोक तो जगत आले आहेत.

बाहेर इंजिनियर दोन्ही सायकली धरून उभा होता. त्याला घेऊन खाडीकाठची जुनी शाही मशीद पाहिली. विजापुरी घाटाचा घुमट, चार मिनार. मक्केला निघालेली एक शहजादी पुढे जाता येईना म्हणून थांबली आणि हजचा पैसा तिने या मशिदीला लावला, असे लोक सांगतात. खरे-खोटे काही असो, दाभोळ हे आदिलशाहीचे मोठे बंदर होते हे खरे. होर्मुझला आणि तांबड्या समुद्राकडे इथून गलबते जात. १५०८ च्या मार्चमध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. डिसेंबरात बापाने त्याचा सूड दाभोळवर काढला. गाव जाळले, बायका-मुलेही सोडली नाहीत. आक्रमण शोधायचेच असेल तर ते इथे सापडते, आणि त्यात मेलेले हिंदू होते तसे मुसलमानही होते.

पुढच्या बोटीत तो म्हणाला, "काका, जंजिऱ्याला मी चुकीचा प्रश्न विचारला."

मी म्हटले, "प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले." बोटीचा माणूस सुकाणू फिरवत होता. मी त्याला सांगितले की सुकाणू हा शब्द अरबी, खलाशीही अरबी, बंदर फारसी. यांच्याशिवाय मराठी माणसाला समुद्रावर बोलताच येणार नाही. आणि हे शब्द कोणत्या फर्मानाने आले नाहीत. एका होडीत बसून काम करताना आले.

सातव्या दिवशी रत्नागिरीत सहल संपली. शेवटच्या जेवणात प्रत्येकाने आवडलेले ठिकाण सांगायचे होते. बहुतेकांनी किनारे सांगितले. मी दाभोळ सांगितले आणि म्होरक्याला एक विनंती केली: पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात चौलसमोर एकच ओळ वाढवा, की इथे हजार वर्षांपूर्वी दहा हजार मुसलमान राजाच्या आश्रयाने राहत होते. तो म्हणाला, "लिहून द्या, काका. बघतो."

मी त्याच रात्री लिहून दिले. पण खरे सांगायचे तर ही ओळ आधी आपल्याच पोरांना सांगायला हवी. "तुमचे लोक कुठून आले?" असे त्यांना उद्या कोणीतरी विचारणार आहे. तेव्हा त्यांच्याजवळ फक्त घोडे आणि तलवारी असतील, तर ती मान खाली घालतील किंवा चिडतील. त्यांना मारूफ बिन झकरिया माहीत असावा. आणि तो मुहम्मदही, ज्याने लोकांना फुकट पलीकडे नेणारी होडी ठेवली आणि ज्याचे नाव इथल्या लोकांनी प्रेमाने मधुमती करून घेतले.