बेळगाव ते मुंबई विमानाने: अंतर किती, वेळ किती?

बेळगावचे सांबरा विमानतळ ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ हे हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे 400 किलोमीटर आहे. कोल्हापूर, सातारा, पुणे असा रस्ता धरला तर ते पाचशेच्या आसपास जाते. रात्रीच्या बसला दहा-बारा तास लागतात, तर विमानाच्या तिकिटावर साधारण सव्वा तास लिहिलेला असतो.

400 किलोमीटरला सव्वा तास कसा, असा प्रश्न पडतोच. पंख्याचे एटीआर विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडते, एम्ब्रेअरसारखे छोटे जेट 800 च्या. म्हणजे नुसते अंतर कापायला अर्धा-पाऊण तास पुरतो. पण तिकिटावरची वेळ विमान सांबऱ्याच्या जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात चढणे, उतरणे आले आणि मुंबईचा खोळंबाही आला. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. गर्दी झाली की विमान आकाशातच घिरट्या घालते. जेटने वाचवलेली दहा-पंधरा मिनिटे बऱ्याचदा तिथेच जातात. पावसाळ्यात तर वेळेची खात्री कुणीच देऊ नये.

सीमाभागातून मुंबईला जाणाऱ्यांत परळच्या टाटा हॉस्पिटलला पेशंट घेऊन निघालेली घरेही असतात. त्यांनी हिशेब घरापासून दारापर्यंतचा करावा. शहरातून सांबरा 10 किलोमीटर, म्हणजे अर्धा तास. बहुतेक कंपन्या तासभर आधी काउंटर बंद करतात, म्हणून दीड तास आधी पोचलेले बरे. विमानाचा सव्वा तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा, तिथून परळला किमान एक. बेरीज पावणेपाच तासांची होते. बसच्या निम्म्याहून कमीच, आणि आजारी माणसाला घाटातले धक्के नाहीत. मात्र सकाळची अपॉइंटमेंट असेल तर त्याच दिवशीच्या विमानावर विसंबू नये, आदल्या दिवशीच पोचावे. व्हीलचेअर हवी असेल तर ती बुकिंग करतानाच सांगायची, काउंटरवर ऐनवेळी नव्हे.

तिकीट काढताना आता आणखी एक गोष्ट बघावी लागते. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे. पनवेल-उलव्याकडच्या माणसाला ते सोयीचे, पण अंधेरीला उतरायचे समजून तिथे उतरलात तर पुढचा टॅक्सीचा खर्च अंगावर येईल. तिकिटावर बीओएम असेल तर जुने विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई.

सांबऱ्याच्या सेवा कायम राहतीलच असेही नाही. उडान योजनेत मार्गाला सरकारी मदत तीन वर्षेच मिळते. ती संपल्यावर प्रवासी कमी पडले तर कंपनी फेऱ्या कमी करते किंवा मार्गच सोडते. त्यामुळे वेळापत्रक दर वेळी कंपनीकडून ताजे घ्यावे. थेट विमान नसलेल्या दिवशी हुबळी, कोल्हापूर आणि गोव्यातले मोपा हे तीन पर्याय उरतात. तिन्ही बेळगावहून साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहेत. मोपाला जायचे तर वाटेत घाट लागतो, पावसाळ्यात तासभर जास्तीचा धरून निघावे.