घडी न मोडलेली साडी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी “काही तरी इतिहासातले लिहा” असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या मनात प्रथम आली ती एक साडी. साडीला कसला आला आहे इतिहास, असे काही भगिनी म्हणतील. पण या साडीनेच मला इतिहास वाचायला लावले, एवढे खरे.

१९७२ सालची दिवाळी जवळ आली होती. त्या महिन्यात मला भिशी लागली होती, आणि ते अडीचशे रुपये धाकट्या भाऊजींच्या परीक्षेची फी व वाण्याची उधारी यांसाठी बाजूला ठेवले होते. त्यातूनच वन्संना एक सुती साडी, फार तर तीस रुपयांची, घ्यावी म्हणून मी एकटीच लक्ष्मी रस्त्यावर गेले. दुकानाचे नाव सांगत नाही. मला गादीवर बसवले, चहा आला, आणि “वहिनी, बघायला काय पैसे पडतात?” असे म्हणत माल दाखवणाऱ्या गृहस्थाने साड्यांचा ढीग घातला. सुती साड्या केव्हा संपल्या आणि रेशमी केव्हा सुरू झाल्या ते कळलेही नाही. एका साडीचा पदर त्याने माझ्या खांद्यावर टाकला आणि आरसा पुढे केला. शेजारच्या दोघी बायका कौतुकाने पाहू लागल्या. एवढ्या घड्या मोडायला लावल्या, चहा घेतला, आता नुसते उठायचे कसे? मी “घेते” असे म्हटले नाही. फक्त “नको” म्हणायचे राहिले. तेवढ्यात पावती फाडली गेली. २४० रुपये!

रात्रभर झोप नाही. सकाळी सासूबाईंनी कपाटातले खोके पाहिले. मी सगळे सांगून टाकले. त्या रागावतील असे वाटले होते, पण साडीला हातही न लावता त्या म्हणाल्या, “घडी मोडू नकोस. चप्पल घाल. मी येते बरोबर.”

दुकानाच्या मालकांनी पावतीच्या तळाशी बोट ठेवले : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. सासूबाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी विचारले, “काय लिहिले आहे?” मी वाचून दाखवले. “बरे,” असे म्हणून त्या गादीच्या मधोमध बसल्या. दिवाळीची गर्दी. दीड तासाने मालकांनी १५ रुपये कापून २२५ रुपये परत दिले.

ते पंधरा रुपये मला फार दिवस डाचत होते. पुढे वाचनालयात डॉ. पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड हाती आला. तो १९४६ साली निघालेला. त्यात जुन्या न्यायव्यवहाराचे विषय दिले आहेत, आणि त्यांत एक चक्क ‘अनुशय’, म्हणजे खरेदी-विक्रीनंतर होणारा पश्चात्ताप! माझ्या त्या रात्रीच्या तळमळीला शास्त्रात नाव होते.

मनुस्मृतीने या पश्चात्तापासाठी दहा दिवस दिले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन आणि गुराख्यांना पाच अशी मुदत आहे. नारदस्मृती तर हिशेबच मांडते. खरेदी चुकली असे वाटले तर वस्तू त्याच दिवशी जशीच्या तशी परत करावी. दुसऱ्या दिवशी केली तर किमतीचा तिसावा भाग सोडावा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू गिऱ्हाइकाचीच. वापरून मळलेले वस्त्र मात्र, सदोष असले तरी, परत जात नाही. सासूबाईंनी नारदस्मृतीचे नावही ऐकले नसेल, पण घडी मोडायची नाही हे त्यांना ठाऊक होते. मी गेले दुसऱ्या दिवशी. २४० चा तिसावा भाग ८ रुपये. म्हणजे मालकांनी ७ रुपये जास्तच कापले!

परंतु या जुन्या ग्रंथांवर फार भाळून जाऊ नये. नारदच सांगतो की स्वतः पारखून, पसंत करून घेतलेला माल परत होत नाही. दुकानदार हेच म्हणाला असता. शिवाय माल पारखण्याच्या मुदती देताना दुभत्या जनावराला तीन दिवस, मोत्या-हिऱ्यांना सात, वस्त्राला एक, आणि त्याच यादीत दास-दासीही आहेत. आणि आपत्काल नसता स्त्रीने केलेला व्यवहार प्रमाण नाही, असेही त्याच स्मृतीत आहे. त्या न्यायाने माझी खरेदीच रद्द झाली असती, पण तसले संरक्षण कोणाला हवे?

इंग्रजी अमलात १८७२ चा कराराचा कायदा आला, १९३० चा मालविक्रीचा आला. जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दडपणाने झालेला करार मोडता येतो. पण चहा आणि आरसा यांना दडपण कोण म्हणणार? माल वर्णनाप्रमाणे नसेल तर तो नाकारता येतो. माल चांगला आहे आणि फक्त मन नाही, तर कायदा गप्प. ‘गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावेत’ हे तत्त्व. गंमत अशी की खुद्द इंग्लंडातच १९६४ साली, घरी येऊन हप्त्याने माल विकणाऱ्यांच्या बाबतीत, सही केल्यावरही फेरविचाराला चार दिवस देणारा कायदा झाला. अमेरिकेत १९७२ साली दारोदार विक्रीसाठी तीन दिवसांचा नियम ठरला. दारात आलेल्या विक्रेत्यापुढून माणसाला उठून जाता येत नाही, हे तिकडे मान्य झाले. गादीवरूनही उठता येत नाही, हे अजून कोणी मान्य केलेले नाही.

आपल्याकडे हालचाल सुरू केली ती बायकांनी. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. माझी साडी परत गेली त्याच वर्षी मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर महागाईविरुद्ध बायका एकत्र करीत होत्या. लाटणी हातात घेऊन निघालेले मोर्चे पुष्कळ जणींना आठवत असतील. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालची. तिची पद्धत मला फार आवडली : शेजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची यादी घरी बसून लिहायची आणि माल एकत्र मागवायचा. समोर आरसा धरणारा कोणी नाही!

१९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. पावतीवरचे ते वाक्य छापणे ही अनुचित प्रथा आहे, असे केंद्र सरकारने १९९९ साली राज्यांना कळवले. तरी ते अजून कुठे कुठे दिसतेच. २०१९ च्या नव्या कायद्याप्रमाणे सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यावाच लागतो. विमा एजंटाच्या आग्रहाने घेतलेली पॉलिसीही हाती आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. ही मुदत २०२४ साली वाढली. पण निर्दोष रेशमी साडी? ती आजही दुकानदाराच्या मर्जीवर.

भाऊजींची फी वेळेवर भरली गेली. कापलेले पंधरा रुपये सासूबाईंनी आपल्या डब्यातून काढून दिले आणि घरात कोणाला काही सांगितले नाही. वन्संची साडी मंडईजवळच्या दुसऱ्या दुकानातून आणली, अठ्ठावीस रुपयांना. ती निवडताना मी उभीच राहिले.