पेल्याची ओळख

चिंचेचें नांव काढतांच तोंडाला पाणी सुटतें, हें पोरासोरांनाहि ठाऊक असतें. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांनीं याच साध्या अनुभवाचें शास्त्र बनविलें. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें; लोकांच्या स्मरणांत मात्र राहिलीं तीं त्यांचीं कुत्रीं. अन्नापूर्वीं नियमानें एखादा ध्वनि ऐकविला, कीं पुढें नुसत्या त्या ध्वनीनेंच त्यांना लाळ सुटे.

याहून विलक्षण प्रयोग ताश्कंद येथील क्रिलोव्ह यांचा. ते कुत्र्यांना रोज मॉर्फीन टोचीत. त्यानें लाळ सुटे, ओकारी होई व झोंप येई. पांचसहा दिवसांनीं सुईची नुसती तयारी दिसतांच, औषध अंगांत जाण्यापूर्वींच, हीं लक्षणें प्रकट होऊं लागलीं.

मद्याच्या बाबतींत मात्र ही शिकलेली खूण उलट दिशेनेंहि काम करते. मद्यानें देह थंड पडतो. १९७९ सालीं टोरांटो येथें ले, पूलोस व कॅपेल यांनीं उंदरांना एका ठराविक जागीं वारंवार मद्य टोचलें. त्या जागीं हा थंडावा त्यांना हळूहळू बाधेनासा झाला. तितकेंच मद्य दुसऱ्या जागीं देतांच तो पुन्हां बाधला. आणि नेहमीच्या जागीं मद्याऐवजीं मिठाचें पाणी टोचलें, तेव्हां अंग उलट तापलें! शत्रु दिसण्यापूर्वींच गडाचे दरवाजे लागावेत, तसा देह खुणेवरूनच सावध झाला होता.

माणसाचेंहि असेंच आहे. १९९७ सालीं इंग्लंडांत रेमिंग्टन व त्यांचे सहकारी यांनीं कांहींना बिअर दिली, तर कांहींना तेवढेंच मद्य पेपरमिंटच्या चवीच्या निळ्या पेयांतून दिलें. निळें पेय घेणारांना नशा अधिक भासली व कामांतहि ते अधिक चुकले. ‘मला इतकें पचतें’ असें म्हणणारा तरुण पेले मोजीत असतो. देहानें हिशेबांत धरलेली असते ती जागा, ती चव, तो वास.

२०१० सालीं अमेरिकेंतील विद्यार्थ्यांत ‘फोर लोको’ या फळांच्या चवीच्या, कॅफीनयुक्त मद्याचें वेड पसरलें. वॉशिंग्टन राज्यांत एका मेजवानीनंतर नऊ विद्यार्थ्यांना रुग्णालयांत न्यावें लागलें. सारा रोष कॅफीनवर गेला. नोव्हेंबरांत सरकारनें अशा पेयांच्या उत्पादकांना ताकीद दिली. कॅनडांतील शेफर्ड सीगल यांनीं २०११ सालीं निराळी शंका काढली. कोकाकोला घालून रम पिणें जुनेंच आहे. नवी होती ती चव, आणि ओळखीची खूण न मिळाल्यानें देह बेसावध राहिला, असें त्यांचें म्हणणें. अर्थात् हें अनुमान झालें. एकेका डब्यांतील मद्यहि कांहीं थोडें नव्हतें. पुढें उत्पादकांनीं त्यांतील कॅफीन काढून टाकलें. फळांची चव तेवढी राहिली.