संकेतस्थळावरील छायाचित्रांचा भार
संकेतस्थळ सावकाश उघडण्यामागे अनेकदा अवजड छायाचित्रे असतात. ४००० बाय ३००० आकाराच्या छायाचित्रात १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. पानावर ते ८०० बाय ६०० आकारातच दिसणार असल्यास ४ लाख ८० हजार, म्हणजे पंचविसावा हिस्सा पिक्सेल पुरतात. त्यामुळे आधी आकार घटवावा, मग स्वरूप निवडावे. १९९२ चे जेपेग मानक डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील गाळते. ते छायाचित्रांना योग्य. बोधचिन्हे, आलेख व अक्षरे यांच्यासाठी काहीही न गाळणारे पीएनजी (१९९६) बरे. गुगलने २०१० मध्ये जाहीर केलेल्या वेबपीत आज दोन्ही सोयी आहेत. जेपेग वारंवार संपादित करून जतन केल्यास दर्जा खालावतो. म्हणून मूळ प्रत निराळी जपावी. मोजक्या डेटावर मोबाइल वापरणाऱ्या वाचकाचा वेळ आणि पैसा यातून वाचतो.