डुलुथला काय काय बघाल?

उन्हाळा आला की आमच्याकडे मिनेसोटात पाहुणे यायला लागतात आणि प्रत्येकाची डुलुथची एक फेरी होतेच. परवा मावशीचा फोन आला, "तिथे बघण्यासारखं काय आहे ते लिहून पाठव रे." म्हटलं, इथेच लिहितो, म्हणजे पुढच्यांचीही सोय होईल.

तर, पहिलं म्हणजे पाणी. लेक सुपिरियरला तळं म्हणायला जीभ रेटत नाही. पाव महाराष्ट्राहून मोठा पसारा, पलीकडचा काठ दिसतच नाही. त्याच्या पश्चिम टोकाला डुलुथ. १८७१ साली इथे कालवा खणला आणि गावाचं बंदर झालं. त्या कालव्यावरचा लोखंडी पूल १९०५चा. सुरुवातीला त्याला टांगलेल्या मोठ्या पाळण्यातून माणसं आणि गाड्या पलीकडे जायच्या. १९२९-३० मध्ये तो बदलला, आणि तेव्हापासून जहाज आलं की पुलाचा मधला भाग अख्खाच्या अख्खा लिफ्टसारखा वर जातो. जहाज भोंगा देतं, पूल भोंग्यानेच उत्तर देतो. लोहखनिज नेणारी लांबलचक जहाजं तर नेहमीचीच, पण २०२२ पासून मोठ्या क्रूझही पुन्हा यायला लागल्या. विल्यम ए. आयर्विन हे ६१० फुटी जुनं मालवाहू जहाज १९८६ पासून संग्रहालय झालंय, तेही बघा.

आता याच कालव्याच्या तोंडाशी उभे राहा आणि २८ नोव्हेंबर १९०५चा दिवस डोळ्यांसमोर आणा. प्रचंड वादळ. 'मटाफा' नावाचं जहाज आत शिरताना धक्क्यावर आदळलं, फिरलं आणि किनाऱ्याजवळच रुतून मोडलं. जहाजावर २४ माणसं. लाटा अशा, की बचावाची होडी घालणं अशक्य. हजारो लोक किनाऱ्यावर जमले. आपण बघतोय, एकटं सोडलेलं नाही, एवढं तरी त्या खलाशांना कळावं म्हणून थंडीत रात्रभर शेकोट्या पेटवून बसले. सकाळी होडी पोचली तोवर नऊजण गेले होते. ही गोष्ट गाव अभिमानाने सांगतं आणि सांगावीच अशी आहे.

माझी यादी इथेच संपायची. मग सरोवराच्या काठाने फिरणं, आइस्क्रीम आणि परत.

पण कालव्यापासून पंधरा-वीस मिनिटं चढावर चालत गेलं, की फर्स्ट स्ट्रीट आणि सेकंड अॅव्हेन्यू ईस्टचा कोपरा लागतो. १५ जून १९२०च्या रात्री इथेही हजारो लोक जमले होते. गावाची वस्ती तेव्हा सुमारे ९९ हजार, आणि जमाव पाच ते दहा हजारांचा सांगतात. आदल्या दिवशी गावात सर्कस आली होती. तिथल्या काळ्या कामगारांवर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप झाला. डॉक्टरच्या तपासणीत तसा काही पुरावा मिळाला नव्हता. पोलिसांना बंदुका वापरायच्या नाहीत असा हुकूम होता. जमावाने तुरुंग फोडून एलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन आणि आयझॅक मॅक्गी या तिघांना बाहेर काढलं आणि दिव्याच्या खांबाला फाशी दिलं. प्रेतांशेजारी उभं राहून लोकांनी फोटो काढून घेतला. त्याची पोस्टकार्डं विकली गेली! खुनाबद्दल कोणालाच शिक्षा झाली नाही. दंगलीबद्दल तिघांना झाली, तेही सव्वा वर्षाच्या आत सुटले.

पुढे गाव गप्प बसलं. तिघांच्या थडग्यांवर नावाचे दगड बसायला १९९१ उजाडलं. त्या कोपऱ्यावर स्मारक झालं ते २००३ साली, म्हणजे ८३ वर्षांनी. भिंतीतून पुढे आल्यासारखे तिघांचे ब्राँझचे पुतळे आहेत. त्याच प्रकरणात शिक्षा भोगलेल्या मॅक्स मेसनला राज्याने माफी दिली २०२० साली, मरणोत्तर.

दोन्ही जमावांमध्ये फक्त पंधरा वर्षांचं अंतर. शेकोटीला लाकडं आणणाऱ्यांपैकी कोणी त्या रात्री चौकात होतं का, कोण जाणे. पण गाव तेच होतं. मला वाटायचं, वाईट गावं वेगळी असतात आणि चांगली वेगळी. आता तसं म्हणवत नाही.

आणि मी तरी काय करत होतो? पाहुणे सुट्टीवर आलेत, कशाला मूड घालवा, म्हणून इतकी वर्षं त्या कोपऱ्यावरून गाडी तशीच पुढे काढत होतो. गावानेही ८३ वर्षं याहून वेगळं काय केलं होतं?

असो. तर मावशी, यादीत एक ठिकाण वाढवलंय. पूल बघून झाला की चढ चढून तिथे जाऊ, तिघांची नावं वाचू, मग आइस्क्रीम खाऊ. आणि हो, जून असला तरी स्वेटर घेऊन ये. पाण्यावरून येणारा वारा ऐकत नाही.